अपुरी साधनें आणि मोठा मासा

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारें २२ मैलांवर सांता कॅटलिना नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. त्याच्या कडेला समुद्र एकदम खोल होत जात असल्यामुळें भर समुद्रांतले मोठे मासे तेथें किनाऱ्याच्या अगदीं जवळ येतात. याच पाण्यांत १८९८ सालच्या जून महिन्यांत चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या गृहस्थानें १८३ पौंड वजनाचा ट्यूना मासा काठी, दोरी व रीळ एवढ्याच साधनांनीं धरला. त्या कामीं त्यास पावणेचार तास लागले. होल्डर हा धंद्यानें मासेमारी करणारा नव्हे. तो प्राणिशास्त्राचा अभ्यासक व ग्रंथकार होता. न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहासाच्या मोठ्या संग्रहालयांत त्यानें कांहीं वर्षें काम केलें होतें, आणि पुढें प्रकृतीच्या कारणास्तव तो कॅलिफोर्नियांत राहावयास आला होता. अशा हौशी मनुष्याच्या हातून हें काम कसें घडलें आणि त्याच्या साधनांत उणें तें काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावें. कारण वर्गांत शिकविलेल्या यंत्रशास्त्राची गांठ येथें प्रत्यक्ष पडते.

प्रथम माशाविषयीं थोडेंसें. आपल्या कोंकण किनाऱ्यावर ज्यांस कुपा किंवा गेदर म्हणतात, त्यांच्याच कुळांतला हा मासा; परंतु कॅटलिनाचा ब्लूफिन ट्यूना त्यांच्या मानानें फारच थोर. त्याचें अंग चातीसारखें दोन्हीं टोकांस निमुळतें असतें व वेगानें पोहतांना कांहीं पर तो अंगावरील खांचांत मिटून घेतो. सामान्य माशाचें अंग भोवतालच्या पाण्याइतकेंच गार असतें. ट्यूनाची गोष्ट निराळी. त्याच्या रक्तवाहिन्यांचें जाळें असें विणलेलें असतें कीं, स्नायूंत उत्पन्न झालेली उष्णता कल्ल्यांवाटे पाण्यांत निघून न जातां पुन्हां अंगांतच फिरते. ऊबदार स्नायू जलद काम करतात, आणि म्हणून या माशाचा पहिला झपाटा भयंकर असतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. १८३ पौंडांचा मासा धरावयाचा म्हणजे दोरीनें १८३ पौंडांचें ओझें पेलावें लागतें, असें नाहीं. पाण्यांत माशाचें वजन जवळजवळ नाहींसें होतें. दोरीवर येतो तो त्याच्या शेपटीचा जोर आणि पाण्यांतून ओढल्या जाणाऱ्या लांबच लांब दोरीस होणारा विरोध. त्या काळची दोरी लिननच्या धाग्यांची वळलेली असे. एक धागा सुमारें ३ पौंड ताण सोसतो असा हिशेब धरीत. म्हणजे २४ धाग्यांची दोरी ७२ पौंडांच्या आंतबाहेर तुटावयाची.

मग याहून जाड दोरी कां घेऊं नये? घेण्यास कोणतीच अडचण नव्हती. होल्डर प्रथम बेटावर आला तेव्हां लोक किनाऱ्यावरूनच जाड दोरांचे गळ टाकून मोठमोठे मासे भराभर ओढून काढीत, आणि खाण्यापुरते ठेवून बाकीचे वाया जात. गालील समुद्रांत जाळें टाकणाऱ्या पेत्राला घर चालवावयाचें होतें. या मंडळींस तशी कांहीं निकड नव्हती. होल्डरला ही नासाडी पाहवली नाहीं. आपला मासा मिळाला त्याच वर्षीं त्यानें कांहीं मित्रांसह अव्हलॉन गांवीं ट्यूना क्लब स्थापिला. काठी व रीळ यांवाचून मासा धरावयाचा नाहीं, दोरी २४ धाग्यांहून जाड नको, आणि दुसऱ्याच्या मदतीवांचून मासा होडीपर्यंत आणला पाहिजे, असे निर्बंध त्या मंडळींनीं आपण होऊन स्वतःवर घालून घेतले. दोरी बारीक होती ती अशी जाणूनबुजून.

खरी उणीव रिळांत होती. ज्यानें पतंग उडविला आहे त्यास ही गोष्ट चटकन् समजेल. पतंग वाऱ्यावर जोरानें ओढूं लागला म्हणजे आपण ढील देतों. फिरकी धरणाऱ्या सोबत्यानें ती घट्ट आवळली तर मांजा तुटतो, आणि अगदींच मोकळी सोडली तर गुंता होतो. होल्डरच्या काळच्या रिळास ढील देण्याची निराळी सोय नव्हती. मासा पळूं लागला कीं रिळाबरोबर त्याची मूठही उलटी फिरे. समजा, मासा सेकंदास २० फूट वेगानें पळत आहे व भरलेल्या रिळाचा घेर एक फूट आहे. तर रीळ सेकंदास २० फेरे घेईल. दोरी बरीच बाहेर जाऊन घेर अर्धा फूट उरला, तर त्याच वेगास ४० फेरे! दांतेरी चक्रांमुळें मूठ याहून कांहींशी सावकाश फिरे हें खरें. तरी त्या गिरकींत बोट सांपडलें तर त्याची काय गत होईल, हें सांगणें नकोच. कित्येकांची बोटें अशीं सोलून निघालीं. रीळ आवरण्यास साधन म्हणून काय होतें, तर कातड्याचा एक तुकडा. तो अंगठ्यानें गुंडाळलेल्या दोरीवर दाबून धरावयाचा. जो कमी दाबील त्याची दोरी संपेल, जो अधिक दाबील त्याची तुटेल.

इतक्या तुटपुंज्या साधनानें मासा हातीं आला, याचें श्रेय मी होडीस देतों. होडी मागून ओढली जात होती. म्हणजे माशास दोरीबरोबर होडीचाही भार वाहावा लागे. नावाडी वल्हीं उलट मारूं लागला कीं तो भार आणखी वाढे. अंगठ्याला जें आवरलें नाहीं तें पाण्याच्या विरोधानें हळूहळू आवरलें. पुढच्याच वर्षीं, १८९९ मध्यें, क्लबाच्या दुसऱ्या एका सभासदानें २५१ पौंडांचा ट्यूना धरला.

ही झुंज वाचून मला एक शंका मात्र राहून राहून येते. जाड दोरानें मासा थोडक्या वेळांत मरतो. बारीक दोरीनें तो पावणेचार तास तळमळतो. मासे कमी मेले, पण जो सांपडला त्याचे हाल वाढले. होल्डरच्या बाजूनें इतकें म्हणतां येईल कीं, बारीक दोरीनें पुष्कळ मासे सुटूनही जात. पण तोंडांत गळ घेऊन सुटलेल्या माशाचें पुढें काय होतें? यावर पालकांनीं व मुलांनीं घरीं बोलावें.

रिळाची उणीव भरून निघण्यास आणखी सुमारें १५ वर्षें लागलीं. विल्यम बॉशन नांवाच्या दुसऱ्या एका हौशी गृहस्थानें रिळाच्या आंत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या बसविण्याची कल्पना काढली, आणि ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिरानें तसें रीळ करून दिलें. मुठीखालचें चांदणीच्या आकाराचें चक्र पिळलें कीं चकत्या आवळतात. ताण ठराविक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे रीळ आपोआप ढील देतें व मूठ जागच्या जागीं स्थिर राहते. १९१३ सालीं बॉशननें अशाच रिळानें कॅटलिनाजवळ ३५५ पौंडांचा तलवारमासा धरला; काठी व रीळ यांनीं धरलेला त्या जातीचा तो पहिलाच मासा.

या नव्या रिळांतही एक खोड राहिलीच. चकत्यांचा रोध आंसापाशीं असतो व दोरी रिळाच्या घेरावरून सुटते. म्हणून दोरी बाहेर जाऊन घेर निम्मा झाला कीं तोच रोध दोरीवर दुप्पट ताण आणतो. कुशल मनुष्य अशा वेळीं चक्र आवळीत नाहीं, उलट सैल करतो. हें पडताळून पाहण्यास समुद्रावर जाण्याची गरज नाहीं. घरच्या फिरकीच्या दांड्यावर फडक्याची पट्टी घालून तिचें एक टोक पक्कें बांधावें, दुसऱ्या टोकास वजन टांगावें आणि मांज्याच्या टोकास प्रयोगशाळेंतला स्प्रिंगचा तराजू लावून हळूहळू ओढावें. भरलेल्या फिरकीस किती जोर लागतो तो लिहून ठेवावा, आणि मांजा बहुतेक संपत आल्यावर पुन्हां ओढावें. एरव्हीं पतंगासाठीं मांजा सुताचाच असावा. येथें तर साधा दोराही चालेल.