कायदेमंडळांतील सभासदाचा उतारा कसा वाचावा
(ना. गोखले यांच्या खात्यावरून एक पाठ)



जमिनीचा व्यवहार करावयाचा झाला म्हणजे आपण प्रथम उतारा मागतों. विकणारा कितीही गोड बोलला, तरी कब्जा कोणाचा, बोजा किती, शर्त जुनी कीं नवी, हें पाहिल्यावांचून कोणी शहाणा मनुष्य बयाणा देत नाहीं. परंतु आपल्या वतीनें कायदे करण्याचा अधिकार ज्यास पांच वर्षांकरितां द्यावयाचा, त्याची परीक्षा मात्र आपण पारावरची कीर्ति ऐकूनच करितों. वास्तविक कायदेमंडळांतील प्रत्येक सभासदाचाही उतारा असतो. तो कामकाजाच्या छापील वृत्तान्तांत पडलेला असतो; वाचणारा पाहिजे. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यांत नोंदी करण्यांत व तपासण्यांत गेली. त्या संवयीनेंच हा पाठ लिहिला आहे.

नमुन्यादाखल नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें खातें घेऊं. तें १९१५ सालींच बंद झालेलें असल्यामुळें तें तपासण्यांत आजच्या कोणा पक्षाची भीड पडत नाहीं. शिवाय त्यांतील पहिली मोठी नोंद आपल्या जमिनीसंबंधींच आहे. गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं गुहागर तालुक्यांतील कोतळूक गांवीं झाला. १९०० व १९०१ या सालीं ते मुंबई कायदेमंडळांत होते. १९०२ पासून १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत ते हिंदुस्थान सरकारच्या वरिष्ठ कायदेमंडळांत होते.

सभासदाचा उतारा चार रकान्यांत वाचावा : तो काय बोलला, त्यानें नेमकें काय मागितलें, मत कोठें टाकलें, आणि अंतीं काय निष्पन्न झालें. कोणताही एकच रकाना वाचणारा फसतो.

रकाने भरण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सभासदास किती अधिकार होता, हें न पाहतां त्याचा न्याय करूं नये. १८९२ च्या कायद्यानें सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, परंतु त्यावर मत देतां येत नसे. १९०९ च्या कायद्यानें ठराव मांडून त्यांवर मतें घेतां येऊं लागलीं. पण ते ठराव शिफारशीच असत, आणि वरिष्ठ मंडळांत सरकारी सभासदांचें बहुमत कायमच राहिलें. अशा सभेंत हरणें हा नेहमींचाच प्रकार होता. म्हणून तेथें जय-पराजयापेक्षां मागणीचें स्वरूप पाहणें अधिक योग्य.

पहिली नोंद : १९०१ चा जमीन महसूल कायदा

१८९९-१९०० च्या दुष्काळानें मुंबई इलाख्यांतील रयत खचली व साऱ्याची बाकी तुंबली. मे १९०१ मध्यें सरकारनें जमीन महसूल कायदा दुरुस्त करण्याचें बिल आणलें. बाकीपायीं खालसा झालेली जमीन पुन्हां शेतकऱ्यास द्यावी, मात्र कलेक्टरच्या परवानगीवांचून ती विकतां अथवा गहाण टाकतां येऊं नये, असा त्याचा आशय होता. सावकाराच्या तावडींतून रयतेस सोडवावें हा उघड हेतु. ऐकणाऱ्यास तो चांगलाच वाटेल.

गोखले यांनीं विरोध केला. रयत सावकाराच्या दारीं जाते ती हौसेनें नव्हे. सारा ताठरपणें वसूल होतो व पीक मात्र पावसाच्या हवालीं असतें, म्हणून जाते. जमीन तारण ठेवण्याचा हक्क काढून घेतला कीं तिची पत जाते, आणि पतीच्या जागीं दुसरें कांहीं न दिलें तर पेरणीच्या वेळीं तिनें कोणाकडे पाहावें? असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु ते नुसता नकार देऊन थांबले नाहींत. असा निर्बंध घालावयाचाच असेल, तर प्रथम एखाद्या मर्यादित प्रदेशांत प्रयोग करा, तेथील जुनें कर्ज सरकारनें अंगावर घ्या, शेतकी पेढ्या उघडा, आणि मग जमीन अविक्रेय करा, अशी त्यांची मागणी होती. दुसरा रकाना भरला जातो तो असा.

ऑगस्टमध्यें पुण्यास बिल पुढें आलें तेव्हां तें लांबणीवर टाकण्याची सर फिरोजशहा मेहता यांची सूचना सरकारी बहुमतानें फेटाळली गेली. त्यावर मेहता, गोखले, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे व गोकुळदास पारेख हे पांच सभासद सभागृह सोडून गेले. या कायद्याची अणुमात्रही जबाबदारी आपणांकडे येऊं नये म्हणून जात आहों, अशा आशयाचें कारण गोखले यांनीं सभेपुढें सांगितलें. म्हणजे तिसऱ्या रकान्यांत "विरुद्ध मत" यापलीकडे "सभात्याग, कारणासह" अशी नोंद पडते. कारण न सांगतां गैरहजर राहणें आणि कारण सांगून बाहेर पडणें या दोन गोष्टींत महदंतर आहे.

चौथा रकाना : कायदा मंजूर झाला. आज सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" अशी जी नोंद दिसते, तिच्यांतील नव्या व अविभाज्य शर्तीच्या जमिनींचें मूळ याच कायद्यांत सांपडतें. कायद्याचें आयुष्य तो करणाऱ्यांच्या आयुष्याहून मोठें असतें, हें ज्यास अशी जमीन विकण्यासाठीं परवानगी मागत फिरावें लागलें आहे त्यास सांगावयास नको.

दुसरी नोंद : मीठ व शिल्लक

२६ मार्च १९०२ रोजीं गोखले यांनीं वरिष्ठ मंडळांत अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. सरकारी तिजोरींत वर्षानुवर्षें शिल्लक पडत होती व ती भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. दुष्काळानें गांजलेल्या देशांत अशी शिल्लक म्हणजे लोकांवर जरुरीपेक्षां अधिक कर बसविल्याची खूण होय, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखविलें. मिठावरील कर कमी करा, प्राप्तीवरील करांतून लहान उत्पन्नें वगळा, लष्करी खर्च आवरा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

येथें मताचा रकाना कोराच राहतो, कारण मत देण्याची सोयच नव्हती. परंतु चौथा रकाना पाहा. मिठाचा कर दर मणास अडीच रुपये होता. तो १९०३ मध्यें दोन रुपये, १९०५ मध्यें दीड रुपया व १९०७ मध्यें एक रुपया झाला. कराच्या माफीची मर्यादाही १९०३ मध्यें पांचशें रुपयांवरून हजारावर गेली. हें सर्व एकट्या गोखल्यांचें श्रेय म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मागणी अनेकांची व अनेक वर्षांची होती. पण ती वर्षानुवर्षें आंकड्यांनिशीं मांडीत राहणारा सभासद कोण, हें उताऱ्यावरून स्पष्ट दिसतें.

तिसरी नोंद : पतपेढ्या

१९०४ मध्यें सहकारी पतपेढ्यांचें बिल आलें. १९०१ मध्यें सरकारशीं भांडून सभा सोडणाऱ्या गोखल्यांनीं या वेळीं सरकारच्या बिलाचें स्वागत केलें. मात्र जुन्या सावकारी कर्जाची वासलात लावण्याची सोय त्यांत नाहीं, हा दोषही दाखविला. दोन्ही नोंदी एकत्र वाचिल्या म्हणजे सुसंगति कळते : शेतकऱ्यास पत पाहिजे, ही एकच भूमिका एकदां विरोध करविते व एकदां पाठिंबा देवविते. बिल कोणी आणलें यापेक्षां त्यांत काय आहे हें पाहून मत देणारा सभासद असा ओळखावा.

चौथी नोंद : मुलांचें शिक्षण

१६ मार्च १९११ रोजीं गोखले यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. त्यांतील योजना सावध होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती. तीही ज्या ठिकाणीं ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील व जेथील स्थानिक संस्था तयार असेल, तेथेंच. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या पालकांस फी माफ. खर्चाचे दोन हिस्से सरकारनें व एक हिस्सा स्थानिक संस्थेनें सोसावा, असें त्यांचें म्हणणें होतें. १८ व १९ मार्च १९१२ रोजीं वादविवाद होऊन बिल निवडक कमिटीकडे पाठविण्याची सूचना मतास पडली : अनुकूल १३, प्रतिकूल ३८.

या ३८ मतांकडे पाहून सर्व दोष परक्या अंमलदारांवर टाकणें सोपें आहे. परंतु उतारा नीट वाचावा. बिलास विरोध करणाऱ्यांत हिंदी सभासदही होते, आणि त्यांत जमीनदार वर्गांतीलही होते. मुलें शाळेंत गेलीं तर शेतावर हात कोठून मिळणार, ही भीति त्या काळीं उघड बोलून दाखविली जात असे. आपण जमीनधारक लोकांनीं ही नोंद लाजून न झांकतां मुद्दाम वाचावी. आपल्याच वर्गाचा मनुष्य निवडून दिला म्हणजे आपल्या मुलांचें हित साधेलच असें नाहीं. आडनांव व सातबारा पाहून मत देणारास हा इशारा पुरेसा आहे.

पुढें १९१८ मध्यें विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. आणि साऱ्या देशांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. हरलेलें मत वायां गेलेंच असें समजूं नये.

पांचवी नोंद : उलट बाजू

उतारा वाचणारानें आवडत्या खातेदाराचा बोजा लपवूं नये. १९०७ मध्यें सभाबंदीचें बिल आलें तेव्हां गोखले व डॉ. रासबिहारी घोष यांनीं त्यास विरोध केला. परंतु १९१० च्या छापखान्यांच्या कायद्याच्या वेळीं त्यांनीं तसा विरोध केला नाहीं. त्याची मुदत मर्यादित असावी एवढीच त्यांची खटपट होती, व तीही फसली. पंडित मदनमोहन मालवीय व भूपेंद्रनाथ बसू यांनीं मात्र विरोध केला. या कायद्यानें पुढें अनेक वृत्तपत्रें जामिनाच्या जाचांत सांपडलीं, आणि गोखल्यांवर त्यांच्या हयातींतच टीका झाली. ही नोंद त्यांच्या खात्यावर राहणारच. थोर मनुष्याचेंही प्रत्येक मत वेगळें तपासावें, हाच या नोंदीचा धडा.

आजचा उतारा

आज सभासदांच्या हातीं खरा अधिकार आहे. पण उतारा वाचणें एका परीनें अधिक कठीण झालें आहे. बहुतेक बिलें आवाजी मतानें मंजूर होतात. मतविभागणी झाली तरच कोणी कोठें मत दिलें तें नांवनिशीवार कागदावर येतें. २० सप्टेंबर २०२० रोजीं शेतीविषयक तीन बिलांपैकीं दोन राज्यसभेंत आवाजी मतानें मंजूर झालीं. मतविभागणीची मागणी झाली होती, पण ती झाली नाहीं. २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं तिन्ही कायदे रद्द करण्याचें बिल दोन्ही सभागृहांत चर्चेवांचून व आवाजी मतानेंच मंजूर झालें. ते कायदे कोणास हितकर वाटोत वा अहितकर, आपल्या सभासदानें मत कसें दिलें हें दाखविणारी नोंद मात्र राहिली नाहीं.

शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीमुळें पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचें सभासदत्वही जाऊं शकतें. म्हणून आज एकट्या मतावरून सभासदाची पारख होत नाहीं. त्यानें प्रश्न कोणते विचारले, दुरुस्त्या कोणत्या सुचविल्या, बिलावर तो बोलला कीं गप्प बसला, किती दिवस हजर राहिला, आणि पक्षाच्या बैठकींत आपल्या बाजूनें बोलल्याचें जें सांगतो त्याचा सभागृहांतील नोंदींत कोठें मागमूस आहे काय, हें पाहावें. हीं वृत्तें छापलीं जातात व कोणासही वाचावयास मिळतात.

संघाच्या पुढील मासिक सभेंत विचारासाठीं प्रश्न :

१. आपल्या सभासदानें गेल्या वर्षांत शेतीसंबंधीं कोणते प्रश्न विचारले?
२. त्याच्या भाषणांतील मागणी नेमकी होती, कीं नुसती कळकळ होती?
३. ज्या बिलावर मतविभागणी झाली, तेथें त्याचें नांव कोणत्या बाजूस आहे?
४. गैरहजर असल्यास त्यानें कारण सांगितलें काय?

प्रत्येक गांवांत दोघां-तिघांनीं हीं चार उत्तरें मिळवून वहींत लिहून ठेवावीं. पुढील निवडणुकींत उमेदवार दारीं आला म्हणजे ती वही त्याच्यापुढें उघडावी.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून