हवापाण्याचे इंग्रजी : परदेशी शिक्षणाच्या परीक्षेसाठी



अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकण्यासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, हे आपणास ठाऊक आहेच. परंतु शिष्यवृत्तीच्या आधी विद्यापीठाचा प्रवेश हवा, आणि प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी आय.ई.एल.टी.एस.सारखी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून चालू असलेल्या या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे असे चार भाग असतात. बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. त्यात परीक्षक साध्या विषयांपासून सुरुवात करतो, आणि हवामान हा त्यांतला नेहमीचा विषय.

साधा म्हणूनच तो घात करतो. आमच्याकडे सरावाला येणाऱ्या, वळसंगच्याच एका पदवीधर विद्यार्थिनीला आम्ही पावसाबद्दल विचारले. 'रेन इज कमिंग, वेदर इज गुड' एवढे बोलून ती थांबली. मग मराठीत विचारले, ज्वारी कधी पेरता? तेव्हा मृग कोरडा कसा जातो, उत्तरा-हस्ताचा पाऊस कसा लागतो, वाफसा येईपर्यंत वाट कशी पाहावी लागते, हे तिने न अडखळता सांगितले. तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, अडले ते फक्त शब्दांपाशी.

पहिली चूक येथेच आहे. आपला पाऊस येतो, पडतो, लागतो, उघडतो. इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणावे. त्यातल्या 'इट'ला अर्थ नाही, ते केवळ कर्त्याची जागा भरते. आभाळ भरून आले असेल तर 'इट लुक्स लाइक रेन'. वाफशाला एक शब्द शोधत बसू नये. 'द सॉइल इज मॉइस्ट इनफ फॉर सोइंग' असे उलगडून सांगावे. परीक्षक शब्द मोजत नाही, अर्थ पोहोचतो का ते पाहतो.

पावसाचे शब्द जोरानुसार शिकावेत. भुरभुर म्हणजे 'ड्रिझल', सर म्हणजे 'शॉवर', मुसळधार म्हणजे 'डाउनपोर'. 'हेवी रेन' हा शब्द आपण सहज वापरतो, पण आपल्या हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मि.मी. किंवा अधिक पडला तरच तो 'हेवी'. गारांना 'हेल' म्हणतात व तो शब्द एकवचनीच राहतो. सुटी गार मात्र 'हेलस्टोन'. मांजरे-कुत्री पडण्याचा तो वाक्प्रचार अनेक मार्गदर्शिकांत पाठ करायला सांगतात. तो जुनाट झाला आहे, आम्ही तर सोडून द्या म्हणतो.

'वेदर' आणि 'क्लायमेट' या दोहोंना आपण हवामानच म्हणतो. आजच्या-उद्याच्या हवेला 'वेदर', अनेक वर्षांच्या सरासरीला 'क्लायमेट'. म्हणून सोलापूरचे 'क्लायमेट' कोरडे आहे आणि आजचे 'वेदर' ढगाळ. धुक्याचेही तसेच. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले तर 'फॉग', त्याहून विरळ ते 'मिस्ट'. दुष्काळाला 'ड्राउट', उच्चारात 'ग' नाही. मधल्या उघडिपीला 'ड्राय स्पेल'.

ऐकण्याच्या भागात 'सनी स्पेल्स' ऐकू आले की घाबरू नये, तिथे स्पेलिंगचा संबंध नाही. अधूनमधून ऊन पडेल, एवढाच अर्थ. इंग्लंडात ऊन पडले की लोक 'लव्हली वेदर' म्हणतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये चाळिशीच्या वर पारा गेल्यावर असे कोण म्हणेल? आपल्याला ढग आले की बरे वाटते. मुलाखतीत हीच गोष्ट सांगितली तर उत्तर आपले स्वतःचे होते. रणरणत्या उन्हाला 'स्कॉर्चिंग', घामट उकाड्याला 'ह्युमिड'. आपला उन्हाळा बहुधा पहिल्या प्रकारचा, मुंबईचा दुसऱ्या.

लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख देऊन २० मिनिटांत किमान १५० शब्द लिहायला लावतात. सरावासाठी मुंबई व सोलापूरचा मासिक पाऊस कागदावर काढा. मुंबईत दोन हजार मि.मी.हून अधिक पाऊस होतो व त्याचे शिखर जुलैत, सोलापूरचे सप्टेंबरात. 'रेनफॉल पीक्स इन सप्टेंबर' हे वाक्य तेथे चपखल बसते. 'प्रेसिपिटेशन' शब्द दिसला तर त्यात पाऊस, बर्फ, गारा सारे आले.

बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक मिनिट विचार करून एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. एखाद्या ठिकाणाचे वर्णन आले तर वळसंगच्या मुलांनी लांब जाऊ नये. १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले ती आपल्या गावची विहीर आहे. पाणी शेंदणे म्हणजे 'ड्रॉ वॉटर', विहीर आटणे म्हणजे 'रन ड्राय', भूजल म्हणजे 'ग्राउंडवॉटर'. या तीन शब्दांवर, त्या विहिरीवर, आज घरी मोठ्याने दोन मिनिटे बोलून पाहा. घड्याळ समोर ठेवा. दुसऱ्या कोणाला ऐकायला बसवता आले तर अधिक चांगले, त्याला इंग्रजी येत नसले तरी चालेल.