वायरिंगचे काम कोणाच्या हाती द्यावे?

व्यापारी बांधवांनो, आमच्या कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक थानाला हात लावते, सूत उलगडून पाहते, रंग जातो की राहतो म्हणून कोपरा भिजवूनही बघते. तेच गिऱ्हाईक घरी गेल्यावर विजेचे काम मात्र न पाहता, न विचारता, रस्त्यात भेटेल त्या माणसाच्या हाती देते. कारण तार भिंतीच्या आत जाते, वरून रंग लागतो आणि काम चांगले झाले की वाईट हे डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही त्यातच फसवणूक जास्त होते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

या लेखाला कारण झाली ती माथेरानची एक गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे तिथे वडिलोपार्जित घर आहे. चिक्की आणि चपलांचे छोटे दुकान आणि मागे दोन खोल्या, ज्या सीझनमध्ये पाहुण्यांना भाड्याने देतात. गरम पाण्याशिवाय आता पाहुणा थांबत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही न्हाणीघरांत गीझर बसवून घेतले. काम करणारा मुलगा हुन्नरी होता, हात चलाख होता, मजुरीही थोडी घेतली. परवाना आहे का, हे कोणी विचारले नाही. पावसाळा गेला, दिवाळीची गर्दी सुरू झाली आणि एका पाहुण्याच्या मुलाने ओल्या हाताने नळ धरला. मुलगा फेकला गेला म्हणून वाचला. नळाला चिकटून राहिला असता तर काय झाले असते, याचा विचार त्या गृहस्थांना अजून झोपू देत नाही.

नंतर नेरळहून परवानाधारक ठेकेदाराचा माणूस आला. त्याने बोर्ड उघडला आणि पाच मिनिटांत दोष दाखवला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. घरात अर्थिंगची तारच नव्हती. म्हणून त्या मुलाने तारेचा एक तुकडा घेऊन अर्थिंगची पिन सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून दिली होती. टेस्टर लावला तर सर्व ठीक दिसते, गीझरही चालतो. पण बांधवांनो, ही युक्ती जीवघेणी आहे. ती का, हे समजून घ्या. फेजमधून आलेली वीज गीझरच्या कॉइलमधून न्यूट्रलने परत जाते. चार महिन्यांच्या ओलीने मागच्या जॉइंटवर गंज चढला आणि न्यूट्रल सुटला, तर विजेला परतीचा रस्ता राहत नाही. मग ती कॉइलमधून येऊन त्या तुकड्यावाटे गीझरच्या पत्र्यावर आणि नळावर उभी राहते, आणि जो माणूस नळ धरील त्याच्या अंगातून जमिनीत जाते. गीझर बंद पडला एवढेच घरच्यांना कळते. म्हणून कोणीतरी हात लावून पाहायला जातो आणि तिथेच घात होतो.

गृहस्थांनी विचारले, “पण बोर्डात एमसीबी होता, तो का पडला नाही?” हा प्रश्न बरेच लोक विचारतात. एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. सहा अॅम्पियरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअॅम्पियर. माणसाच्या अंगातून तीस मिलिअॅम्पियरपेक्षा जास्त वीज थोडा वेळ वाहिली तर हृदय बंद पडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे माणूस मरेल तेवढ्या विजेच्या दोनशे पट वीज गेली तरी त्या एमसीबीला ती नेहमीचीच वाटते. माणसासाठी वेगळे उपकरण आहे, त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने कारागीर ईएलसीबी म्हणतात. फेजने किती वीज गेली आणि न्यूट्रलने किती परत आली याचा तो सतत हिशेब ठेवतो. जमाखर्चात तीस मिलिअॅम्पियरची तूट आली की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडतो. त्यावर टी अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर पडला नाही तर तो केवळ शोभेचा आहे असे समजावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हा नियम नवा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता, पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आला आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही कायम आहे. त्याचा अर्थ असा की, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण होते तसेच बदलायचे असेल तर ते कोणीही बदलावे. पण नवीन पॉइंट काढणे, तार वाढवणे, वायरिंगमध्ये फेरफार किंवा दुरुस्ती करणे हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावे. त्यावर देखरेख करणाऱ्याजवळ पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र हवे आणि हाताने काम करणाऱ्याजवळ तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना हवा. म्हणजे कागद तीन आहेत. बाजारात बहुतेक वेळा त्यातला एकही नसतो. कुठे एकच असतो, तोही दुसऱ्याच्या नावाचा.

इथे एका वाईट रिवाजाबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. नवीन जोडणी किंवा वाढीव भार मागताना महावितरणकडे ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. काही ठिकाणी हा रिपोर्ट घर न पाहताच सही करून विकला जातो आणि घेणाराही खूश होतो, की चला, काम लवकर झाले. बांधवांनो, हे म्हणजे माल न मोजता पावती घेण्यासारखे आहे. टेस्ट म्हणजे काय, ते तरी पाहून घ्या. मेगर नावाच्या यंत्राने बंद वायरिंगवर पाचशे व्होल्टचा दाब देऊन तारेच्या आवरणातून वीज गळते का, ते तपासतात. आकडा एक मेगओहमपेक्षा कमी आला तर वायरिंगमध्ये कुठेतरी ओल शिरली आहे किंवा आवरण फाटले आहे. ही तपासणी आपल्या डोळ्यांसमोर झाल्याशिवाय रिपोर्ट हातात घेऊ नये.

माथेरानला तर या सर्वांची गरज अधिक आहे, आणि त्याची कारणे तिथल्या मातीत आणि हवेतच आहेत. समुद्रसपाटीपासून आठशे मीटर उंचीवरचा हा डोंगर चार महिन्यांत साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतो. ढग खिडकीतून घरात येतात. कपाटातले कपडे बुरसतात, तिथे भिंतीतली तार कोरडी कशी राहील? बरीच घरे पावसाळाभर बंद असतात आणि दिवाळीला कुलूप उघडून सरळ मेन स्विच वर करतात. जुन्या बंगल्यांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून सापडते. तिच्यावर सुती विणीचे आवरण असते आणि आतले रबर कडक होऊन तडकलेले असते. कापडवाला म्हणून सांगतो, ते सूत पाणी धरून ठेवते आणि सुकले की काडेपेटीसारखे पेटते. अशी तार दिसली तर डागडुजीचा विचार सोडून ती पूर्ण काढावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. माथेरानची तांबडी माती जांभ्या दगडाची आहे. पावसात ती चिखल होते, पण पाणी धरत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत वरून धूळ उडते. अर्थिंगला ओलावा लागतो. म्हणजे ज्या दिवसांत गर्दी सर्वांत जास्त आणि सर्व खोल्या भरलेल्या, त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत कमजोर. म्हणून खड्डा खोल हवा, कोळसा आणि मीठ भरलेले हवे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला फनेल ठेवलेले हवे. काही कारागीर अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून मोकळे होतात. पूर्वी ते कसेबसे चालून जायचे. आता तो पाइप दोन हातांवर प्लास्टिकच्या पाइपाला जोडलेला असतो, मग वीज जमिनीत जाणार कशी?

तिसरी गोष्ट वाहतुकीची. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही. १९०७ साली नेरळहून छोटी गाडी वर आली ती आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशाने आणि हिमतीने, पण पावसाळ्यात नेरळ ते माथेरान हा प्रवास तिलाही जमत नाही. सामान घोड्यावर, हातगाडीवर किंवा हमालाच्या डोक्यावर वर येते. खालून आलेला कारागीर एक तारेचे बंडल विसरला की अर्धा दिवस गेला, आणि तो दिवस वाया जाऊ नये म्हणून तो घरात सापडेल ती तार जोडून काम उरकतो. अल्युमिनियमच्या जुन्या तारेला तांब्याची नवी तार पिळून जोडणे हा त्यातला नेहमीचा प्रकार. या दोन धातूंचा पीळ ओलीत गंजतो, सैल होतो आणि तापतो. यासाठी काम ठरवण्यापूर्वी ठेकेदाराला एकदा घर दाखवावे, त्याच्याकडून सामानाची पूर्ण यादी लिहून घ्यावी आणि माल एकाच खेपेत वर आणावा. पाहणीचे पैसे वेगळे मागितले तरी द्यावेत, ते परवडतात.

तारेच्या जाडीबद्दल थोडे. सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक, हे आपण जाणतो. जुने वायरमन तारेला तीन-बावीस, सात-वीस अशी नावे देतात, तिथेही दुसरा आकडा मोठा असेल तर तार बारीक. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजचे तीन धागे, सुमारे सव्वा चौरस मिलिमीटर. सात-वीस म्हणजे सुमारे साडेचार. आता मात्र बंडलावर सरळ चौरस मिलिमीटर लिहिलेले असते आणि आकडा मोठा तेवढी तार जाड. साधारणपणे दिव्या-पंख्याला दीड, पॉवर प्लगला अडीच आणि गीझरला चार, असा चांगल्या कामाचा रिवाज आहे. हिशेब स्वतः करून पाहा. दोन हजार वॅटच्या गीझरला २३० ने भागले की ८.७ अॅम्पियर येतात. चार खोल्यांत चार गीझर सकाळी सात वाजता एकदम सुरू झाले तर जवळजवळ ३५ अॅम्पियर. मीटरपासून आलेली मुख्य तार जर चार चौरस मिलिमीटरची असेल तर पाइपमध्ये ती २५ ते ३० अॅम्पियरपर्यंतच ठीक. आणि वीज दुप्पट झाली तर तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून खोली वाढवली की आधी मंजूर भार वाढवून घ्यावा, मग गीझर आणावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांबे भरणारे महाभाग सर्व गावांत आहेत. तो फ्यूज सांगत असतो ते ऐकायला कोणी तयार नसते.

हे केवळ भाड्याच्या खोल्यांपुरते नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. मालकाचे कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होते. मालकासह आठ जण गेले. त्याच दिवशी सकाळी हैदराबादला चारमिनारजवळ गुलजार हौज भागात, खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत आग लागून सतरा जण गेले, त्यात आठ मुले होती. दोन्ही ठिकाणी पहिला संशय विजेच्या दोषावरच घेतला गेला. आपल्यातले किती व्यापारी आणि कारागीर दुकानाच्या वर किंवा कारखान्याच्या मागे राहतात, हे मोजायची गरज नाही. सूत, फोम, चामडे, सोल्युशन यांच्या शेजारीच आपली मुले झोपतात.

आगीच्या विम्याचेही समजून घ्यावे. नेहमीच्या फायर पॉलिसीत ज्या यंत्रात किंवा फिटिंगमध्ये शॉर्ट सर्किट झाले त्या यंत्राचे स्वतःचे नुकसान मिळत नाही. तिथून पसरलेल्या आगीने बाकीचा माल जळाला तर त्याचा दावा करता येतो. सर्व्हेअर आला की कागद मागतो, आणि ठेकेदाराचे बिल, परवाना क्रमांक, टेस्ट रिपोर्ट हे त्या वेळी उपयोगी पडतात. मजुरी वाचवण्यासाठी बिल न घेणारा व्यापारी इथे अडकतो.

आता दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, कारण हे पान कारागीरही वाचतात. तो माथेरानचा मुलगा नालायक नव्हता. उस्तादाच्या हाताखाली सहा-सात वर्षे राबून शिकला होता. पण उस्तादाने जे दाखवले तेच तो करत होता, ते का करायचे आणि का करायचे नाही हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आपल्या वस्त्यांत असे हुन्नर असलेले पण कागद नसलेले कितीतरी तरुण आहेत. शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि परवाना शासनाच्या विद्युत निरीक्षण विभागाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो. अनुभवी मुलाला त्यातले निम्मे आधीच येत असते. परवाना नसलेला माणूस सरकारी काम घेऊ शकत नाही, टेस्ट रिपोर्ट देऊ शकत नाही, मोठ्या हॉटेलचे काम घेऊ शकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीवर आणि दुसऱ्याच्या भावाने काम करतो. माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. बॅटरीची गाडी म्हणजे तासन्‌तास चालणारा चार्जर, त्याला स्वतंत्र तार आणि पक्की अर्थिंग लागते. हे काम डोंगरावर वाढणारच आहे. ते कोणाच्या हाती जाणार, हा विचार ज्याने त्याने करावा.

त्या गृहस्थांनी पुढे काय केले, ते लिहितो. दोन्ही न्हाणीघरांची वायरिंग काढून चार चौरस मिलिमीटरची आयएसआय खुणेची तार टाकली, दोन अर्थिंगचे खड्डे खणले, मीटरनंतर तीस मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी बसवला, भार वाढवून घेतला. पैसे पहिल्या कामाच्या चौपट लागले, आणि पहिले पैसे गेले ते वेगळेच. ठेकेदाराच्या परवान्याची झेरॉक्स, त्यावरची मुदतीची तारीख पाहून, त्यांनी वीजबिलांच्या फायलीत लावली आहे. घर बंद करताना मेन स्विच पाडतात, गीझरचे प्लग काढतात, आणि दिवाळीआधी कुलूप उघडल्यावर तो माणूस मेगर लावून हो म्हणेपर्यंत कोणाला स्विचला हात लावू देत नाहीत. त्या पाहुण्याचे कुटुंब मात्र पुन्हा आले नाही.