लांकडाची धूळ व तिचा स्फोट

भुशाची शेगडी पेटलेली आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. मध्यभागीं एक दांडा उभा धरून सभोंवतीं भुसा ठासावयाचा व मग दांडा हलकेंच उपसून घ्यावयाचा. एवढें केलें म्हणजे ती कित्येक तास संथपणें जळत राहते. असें हें गरीब जळण कारखान्याचें छप्पर उडवील असें कोणीं सांगितल्यास प्रथम हंसूंच येईल. परंतु कॅनडा देशांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत २०१२ सालीं हें दोनदां घडलें. २० जानेवारी रोजीं बर्न्स लेक येथील लांकूड कापण्याची गिरणी स्फोटानें उद्ध्वस्त झाली, व २३ एप्रिल रोजीं प्रिन्स जॉर्ज शहरांतील दुसरी. प्रत्येक ठिकाणीं दोन कामगार मृत्यु पावले आणि वीस किंवा अधिक जखमी झाले. चौकशीअंतीं दोन्हीकडे जळण ठरलें तें लांकडाची धूळ. ती पेटावयास फिरत्या यंत्रभागांच्या घर्षणाची उष्णता पुरेशी झाली. तेथील पाइन वृक्ष भुंगेऱ्यांच्या किडीनें उभ्या उभ्या वाळलेले होते, आणि वाळल्या लांकडाची धूळ अधिक बारीक व कोरडी पडते.

शेगडींतला भुसा आणि ही धूळ यांत भेद तो कोणता? एक सेंटिमीटर बाजूचा लांकडी घन घ्या. त्याचें पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरेल. त्याचेच एक दशांश मिलिमीटर बाजूचे दहा लक्ष घन पाडले, तर एकंदर पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर होतें. लांकूड तेंच, पण हवेस भिडणारा भाग शंभरपट झाला! दाबून भरलेल्या भुशास हवा थोडकी मिळते. तरंगत्या कणास ती चहूंकडून मिळते. एक कण पेटतो तों शेजारचा पेटतो, आणि खोली बंद असल्यास तापलेले वायु वाट मिळेना म्हणून भिंतीच ढकलतात.

यावर चौकस विद्यार्थी म्हणेल कीं, आमच्या सुतारशाळेंतील हवा इतकी दाट कधींच नसते. आक्षेप योग्य आहे. स्फोटास दर घनमीटर हवेंत सुमारें ४० ग्रॅम धूळ लागते, आणि तेवढ्या धुळींतून दोन मीटरांवरचा २५ वॅटचा दिवादेखील दिसत नाहीं. अशा हवेंत काम कोण करील? पण हिशेब येथें संपत नाहीं. तुळयांवर एक मिलिमीटर धूळ बसली आहे असें धरूं. एका चौरस मीटरावर ती एक लिटर होते, व तिचें वजन २०० ग्रॅम धरलें, तर चार मीटर उंचीच्या जागेंत ती उधळतांच दर घनमीटरास ५० ग्रॅम पडते. उधळण्याचें काम पहिला लहान स्फोट करतो. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या नळांत तो होतो, त्याच्या धक्क्यानें वर्षानुवर्षें वर सांचलेला थर खालीं येतो, आणि दुसरा स्फोट त्या थराचा. पुष्कळदां माणसें मरतात तीं या दुसऱ्यानें.

म्हणून ज्या पालकांचे लांकूडकामाचे कारखाने असतील त्यांनीं जमिनीपेक्षां वर पाहावें. जमीन रोज झाडली जाते. तुळई, दिव्याचें टोपण, कपाटाचा माथा यांकडे कोणी फिरकत नाहीं. तेथील धूळ शोषून घ्यावी किंवा ओल्या फडक्यानें टिपावी. कॉम्प्रेसरच्या हवेनें ती उडविणें म्हणजे पहिल्या स्फोटाचें काम आपणच करणें होय, आणि हीच रीत आम्हांस सर्वत्र दिसते! हत्यारांस धार लावण्याचें चाक भुशापासून दूर असावें. त्याच्या ठिणग्या लांकडाची धूळ ओढणाऱ्या नळांत तर मुळींच जाऊं नयेत.

अळशीच्या तेलानें माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. तें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु घेतें व उष्णता सोडतें. बोळ्याच्या पोटांत ती सांठते आणि काडी न लावतां तो पेटतो, बहुधा सर्व मंडळी घरीं गेल्यावर. अशा चिंध्या झांकणाच्या लोखंडी डब्यांत पाण्याखालीं ठेवाव्या, किंवा बाहेर एकेक सुटी पसरून वाळवाव्या.