ट्रॅक्टरचा क्लच : उघडण्याआधी दोष ओळखा

भारी काळ्या जमिनीत रब्बी पेरणीचा वाफसा मोजकेच दिवस टिकतो. नेमक्या त्याच दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहिला तर ओल उडून जाते आणि पेरणी साधत नाही. क्लच प्लेट बदलण्यासाठी इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. हे काम मोठे आहे. म्हणून ट्रॅक्टर उघडण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे शेतकरी बंधूंनी स्वतः तपासून पाहणे फायद्याचे ठरते.

प्रस्तुत लेखक पीकशास्त्राचा शिक्षक आहे, यंत्रांचा नव्हे. परंतु आमच्या घरच्या जुन्या ट्रॅक्टरची प्लेट ऐन हरभऱ्याच्या पेरणीत बदलली आणि महिना होण्याआधीच नवी प्लेटही घसरू लागली. पुन्हा उघडले तेव्हा लायनिंग इंजिन ऑइलने माखलेले निघाले. खराब होते ते ऑइल सील. चूक मिस्त्रीची जितकी, तितकीच आमची. खाली पडणारे थेंब आम्ही रोज पाहत होतो.

क्लचचे काम साधे आहे. पायडल सोडलेले असताना प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतात व इंजिनची शक्ती पुढे जाते. पायडल दाबले की रिलीज बेअरिंग फिंगरांवर दाब देते, प्लेट मोकळी होते व शक्ती तुटते. यावरून दोन मुख्य दोष लक्षात येतील : एक, क्लच पूर्ण पकडत नाही, म्हणजे घसरतो, दुसरा, पूर्ण सुटत नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून त्यांची गल्लत करू नये.

क्लच घसरत असल्यास उसाची ट्रॉली चढावर ओढताना किंवा नांगर खोल गेल्यावर इंजिनचा आवाज वाढतो, पण ट्रॅक्टरचा वेग वाढत नाही. लायनिंग जळल्याचा उग्र वास येतो. मात्र येथे बऱ्याच जणांची फसगत होते. ओढ पडताच इंजिनचे फेरे कमी होऊन काळा धूर येत असेल तर दोष क्लचचा नाही. एअर क्लीनर किंवा डिझेलची यंत्रणा पाहावी. मागची चाके जागेवर फिरत असतील तर टायर घसरत आहेत. फेरे वाढूनही चाक मंद फिरत असेल तरच क्लचवर संशय घ्यावा.

खात्रीसाठी सपाट जागेवर हँडब्रेक पक्का लावावा, पुढे-मागे कोणी उभे राहू देऊ नये. वरचा गिअर टाकून, इंजिन मध्यम गतीवर ठेवून पायडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असल्यास इंजिन बंद पडते. चालूच राहिले तर क्लच घसरतो. ही चाचणी काही सेकंदांचीच असावी, वारंवार केल्यास चांगले लायनिंगही जळते.

घसरतो असे ठरले तरी लगेच प्लेट आणू नये. प्रथम पायडलची मोकळी चाल मोजावी. पायडल हाताने दाबावे व जोर लागेपर्यंत ते किती खाली जाते हे पट्टीने पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत ही चाल 20 ते 30 मि.मी. ठेवतात, आपल्या ट्रॅक्टरचा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. लायनिंग झिजते तशी ही चाल कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग सतत फिंगरांवर टेकून राहते व क्लच अर्धवट दाबलेला राहतो. अशा वेळी दांड्याचा लॉकनट सैल करून चाल पुन्हा साधली की बहुधा काम भागते. पायडलवर पाय ठेवून चालवण्याच्या सवयीनेही हेच घडते.

त्यानंतर क्लच हाउसिंगच्या तळाचे छिद्र पाहावे. त्यातून काळे पातळ तेल गळत असल्यास इंजिनच्या मागील बाजूचे सील, व घट्ट, उग्र वासाचे तेल असल्यास गिअरबॉक्सकडील सील गेले असे समजावे. सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. चिखलणीनंतर हे छिद्र चिखलाने बुजते, ते मोकळे करावे.

आता दुसरा दोष. पायडल पूर्ण दाबूनही गिअर टाकताना खरखर होते किंवा ट्रॅक्टर पुढे सरकतो. इंजिन मंद ठेवून पायडल दाबावे, पाच-सहा सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाल्यास क्लच सुटत नाही. येथे मोकळी चाल प्रमाणापेक्षा जास्त असते, ती कमी करावी. चाल बरोबर असूनही दोष राहिल्यास प्लेट वाकलेली किंवा शाफ्टवर गंजून अडकलेली असण्याचा संभव असतो.

डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पायडल अर्धे दाबले की चाके थांबतात व पूर्ण दाबले की पी.टी.ओ. थांबतो. ट्रॅक्टर नीट ओढतो पण रोटाव्हेटर मंदावतो, असे असेल तर पी.टी.ओ.ची प्लेट तपासून घ्यावी.

आवाजावरूनही बरेच कळते. पायडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग; गिअर न्यूट्रल असताना घरघर येऊन पायडल दाबताच ती थांबली तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचे बेअरिंग. हीच खूण जुन्या जीप व मोटारींनाही लागू पडते. ज्या गाडीत क्लच तेलाच्या दाबावर चालतो, तेथे दोन-तीनदा पायडल मारल्यावर गिअर पडू लागल्यास नळीत हवा शिरली आहे किंवा तेल गळते आहे असे समजावे.

हाउसिंग उघडावेच लागले तर आतील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुफ्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यात ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असल्यास पायडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावे, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटत नाही.