ट्रॅक पाठवण्याआधी

अगं, लॅपटॉप आहे, स्पीकर आहेत, कान तयार आहेत, मग संगीताची कामं घ्यायला अडतंय कुठे, असं तू विचारलंस. तुझ्या कानांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण सिंगापूरमध्ये पहिला प्रश्न पासचा. तू नवऱ्याच्या डिपेंडंट पासवर आली आहेस. 1 मे 2021 पासून या पासवर नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. स्वतःचा व्यवसाय करायचा तर इथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं (एमओएम) वेगळं संमतिपत्र लागतं, आणि त्याच्या अटी कडक आहेत. ते हाती येईपर्यंत 'एकच तर जिंगल आहे' म्हणून पैसे घेऊ नकोस. तुझ्या एका जिंगलपायी दोघांचं इथलं राहणं धोक्यात यायला नको.

परवानगी मिळाली की मग माझं एकच सांगणं: लिहून घेतल्याशिवाय सेशन उघडायचं नाही. समोरचा कितीही गोड बोलो. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: एक गाणं, इतके डॉलर, निम्मे आधी, बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे, स्टेम्स, म्हणजे सुटे ट्रॅक, हवे असतील तर त्यांचा दर वेगळा. उरलेले पैसे येईपर्यंत फक्त एमपीथ्री पाठवायची, तीही मध्ये मध्ये बीप टाकलेली. मास्टरची वेव्ह फाइल पैसे जमा झाल्यावरच. कुणी बुडवलेच, तर इथल्या स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय, दोन वर्षांच्या आत लावता येतो. तिथे तुझ्या त्या चार ओळीच कामी येतात.

आता हक्कांचं नीट ऐक, कारण आपल्याकडच्या हुशार मुली इथेच फसतात. 21 नोव्हेंबर 2021 ला इथला नवा कॉपीराइट कायदा लागू झाला. पूर्वी पैसे देऊन ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्याकडे त्याची मालकी जायची. आता करारात वेगळं लिहिलं नसेल तर ती करणाऱ्याकडे राहते. म्हणूनच जाहिरात एजन्सीच्या करारात 'सर्व हक्क आमचे' हे कलम हमखास असतं. ते दिसलं की सही करू नकोस असं मी म्हणत नाही; त्याची किंमत माग. आणि नोकरी धरलीस, तर तिथलं काम सहसा मालकाचंच होतं, हेही ध्यानात ठेव.

चाल, म्हणजे रचना, हा ध्वनिमुद्रणाहून निराळा हक्क. तुझ्या बीटवर कुणी गाणं बांधलं असेल, तर कुणाचे किती टक्के ते त्याच संध्याकाळी, सगळे स्टुडिओत असतानाच कागदावर उतरव. गाणं चाललं की प्रत्येकाची आठवण वेगळी होते. मग कंपासची सभासद हो. 1987 पासून ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. परदेशी संस्थांशीही तिचे करार आहेत.

मंडळाच्या गणपतीसाठी कुणी ट्रॅक मागितला तर आनंदाने कर, ती सेवा आहे. तशी सेवा मीही करते, मनापासून. पण काकूंच्या पन्नाशीसाठी तीन जुन्या गाण्यांची मेडली, तीही सूर खाली उतरवून, शनिवारपर्यंत? त्याचा दर सांगायचा. प्रेमानेच, पण सांगायचा. आपल्या माणसांकडे पैसे मागताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे. दोन-तीनदा अडखळेल, मग सवय होईल.

मराठी गाण्यांना इथे कोण विचारतंय, असं मनात आणू नकोस. तमिळमध्ये गाणारा संगीतकार शबीरही इथलाच. 2005 मध्ये 'वसंतम स्टार' ही गायनस्पर्धा जिंकला आणि पुढे 'सगा' या तमिळ चित्रपटाला त्याने संगीत दिलं. तुझे श्रोतेही पुण्यात, नाशकात, दुबईत आहेतच.

या आठवड्यात तुझ्या दरांचा कागद बनव आणि मला पाठव. आकडे फार खाली ठेवले असतील तर मी ते वाढवूनच परत धाडेन.