संरक्षण कामाला आहे, खुर्चीला नाही

नागपूर

चि. मनूस,


वनामतीतलं प्रशिक्षण आटोपून तू आता तहसीलदार म्हणून रुजू होणार, याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद आहे. मागच्या भेटीत तू विचारलं होतंस, "मामा, सरकारच्या मंजुरीशिवाय आमच्यावर खटला चालत नाही, हे खरं ना?" मी तेव्हा नुसतं "सावकाश सांगतो" म्हणालो. सरकारी वकील म्हणून नोकरी केलेल्या माणसाने या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देऊ नये. म्हणून हे पत्र. तालुक्याला जाताना सोबत ने.

तू म्हणतेस ते कलम आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १९७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ झालं. ज्या लोकसेवकाला सरकारच्या मंजुरीशिवाय पदावरून दूर करता येत नाही, त्याने कर्तव्य बजावताना किंवा बजावत असल्याच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या पूर्वमंजुरीविना न्यायालय दखल घेत नाही. आता मंजुरीचा निर्णय सरकारने १२० दिवसांत घ्यायचा आहे. तो घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. म्हणजे वर्षानुवर्षं फाईल मंत्रालयात निजवून अधिकारी वाचवायचा, ही वाट नव्या कायद्याने अडवली आहे.

हे कलम कशासाठी आहे ते नीट समजून घे. समज, कन्हानच्या काठावर मध्यरात्री तू चोरट्या रेतीचा टिप्पर अडवलास, पंचनामा केलास आणि महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे तो जप्त करून तहसीलच्या आवारात लावलास. दुसऱ्याच आठवड्यात मालक न्यायालयात जाईल. बाईंनी शिवीगाळ केली, माझी गाडी पळवली, अशी तक्रार करेल. कलम २१८ नसतं, तर रेतीघाटावर प्रामाणिकपणे उभा राहणारा प्रत्येक अधिकारी आरोपी म्हणून तारखा मोजत बसला असता. हे संरक्षण तुझ्या त्या रात्रीच्या कामासाठी आहे.

पण त्याच रात्री मालकाकडून पैसे घेऊन तू टिप्पर सोडून दिलास, तर? १९४८ साली गिल नावाच्या अधिकाऱ्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने याचं उत्तर देऊन ठेवलंय. न्यायाधीश निकाल देतो ते त्याचं काम, पण त्या निकालासाठी लाच घेणं हे त्याचं काम नाही. सरकारी डॉक्टर रुग्ण तपासतो ते कर्तव्य, पण तपासता तपासता त्याचा खिसा कापला तर ते कर्तव्य ठरत नाही. पुढे १९५५ मध्ये, कलकत्त्यात झडतीला गेलेल्या प्राप्तिकराच्या माणसांनी मारहाण केली, कोंडून ठेवलं अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथे न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. झडतीला विरोध झाला, तो मोडून काढताना जे घडलं त्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध होता, म्हणून मंजुरी हवी, असं ठरलं. कसोटी तीच आहे. आरोप असलेली गोष्ट तुझ्या कामातून निघाली, की कामाच्या आडून तू केलीस?

रेतीघाटावरच्या झटापटीत तू ड्रायव्हरला थोडं जोरात ओढलंस, तर न्यायालय तो संबंध मानू शकेल. पण ड्रायव्हर शरण आल्यावर त्याला कचेरीत आणून, मालकाचं नाव वदवण्यासाठी खुर्चीला बांधून मारलं, तर कोणतंही न्यायालय त्याला तुझं काम म्हणणार नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आपल्याच शहरात हे घडलेलं आहे. १९९३ च्या जून महिन्यात लुटीच्या तपासासाठी नागपूर पोलिसांनी एका माणसाला रात्री घरातून उचललं, मारहाण केली आणि कोठडीत तो मेला. खटला सत्र न्यायालयात उभा राहिला. खुनाचं कलम टिकलं नाही, पण कबुली काढण्यासाठी दुखापत केल्याचा गुन्हा दहा पोलिसांवर सिद्ध झाला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषसिद्धी कायम ठेवली. ४ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा त्या कलमाखाली देता येईल तितकी, म्हणजे सात वर्षं केली. घटना आणि शेवटचा निकाल यांच्यात पंचवीस वर्षं गेली. सेवेची वर्षं संपत आली तरी ती रात्र त्यांच्यामागे होतीच. त्या पोलिसांपैकी कुणी स्वतःला गुन्हेगार समजून घरातून निघाला नसेल. तपास लावायचा होता, वरून दबाव होता, एवढंच त्यांना वाटलं असेल. मनू, गुन्हा असाच सुरू होतो. कामाच्या घाईत, काम झालंच पाहिजे या हट्टात.

आता दुसरी गोष्ट. तहसीलदार म्हणून तू कार्यकारी दंडाधिकारीही असशील. कधी ना कधी मोर्चापुढे उभी राहशील. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना गोवारी समाजाचा मोर्चा आपल्या गावात आला. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या त्या माणसांची कोंडी झाली, लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. तेव्हाचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांच्या आयोगाने चौकशी केली, पण कुणा अधिकाऱ्यावर दोष ठेवला नाही. सीताबर्डीतून जाताना त्यांचं स्मारक रोज दिसतं. कायद्याला ११४ मृत्यूंमागे एक नाव सापडलं नाही, म्हणून जबाबदारी नव्हतीच असं तू समजू नकोस.

जमाव पांगवण्याचा अधिकार नव्या संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे आणि तो सद्भावनेने वापरणाऱ्याला कलम १५१ खटल्यापासून राखतं. पण योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. मनात वाईट नव्हतं, एवढ्याने भागत नाही. म्हणून बंदोबस्ताच्या दिवशी आधी जागा पाहून घे. माणसं किती येणार, बाहेर पडायच्या वाटा किती, त्यांतली एखादी कठड्यांनी बंद तर झाली नाही, निवेदन घ्यायला कोण आणि किती वाजता येणार, हे विचार. लोक तासन्‌तास उन्हात ताटकळतात तेव्हा धोका वाढतो. जमेल तर तू स्वतः पुढे होऊन निवेदन घे. त्यात पद लहान होत नाही.

तिसरी गोष्ट सहीची. हल्ली सही म्हणजे लॉगिन. २०२५ मध्ये आपल्याकडे बोगस शिक्षकांच्या शालार्थ आयडीचं, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतल्या ओळख क्रमांकांचं, प्रकरण उघडकीस आलं. नागपूर विभागाच्या शिक्षण उपसंचालकांपर्यंत अटक झाली, पुढे आणखी अधिकारी-कर्मचारी त्यात ओढले गेले. त्यांच्यापैकी दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. आपण आधी ठरवू नये. पण तुझ्यासाठी त्यात धडा आहे. तुझा पासवर्ड आणि डिजिटल सहीची किल्ली अव्वल कारकुनाच्या टेबलावर कधीही ठेवू नकोस. फेरफार असो, दाखला असो, आदेश असो, तुझ्या नावाने जे बाहेर पडतं ते तू वाचलेलंच असलं पाहिजे. "साहेब, रूटीन आहे, करून टाका" हे वाक्य ऐकलंस की ती नस्ती दोनदा वाच.

आणि तोंडी आदेश. ते येतीलच. वरिष्ठांचा फोन येईल, आमदारांच्या स्वीय सहायकाचा येईल. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतच लिहिलंय की वरिष्ठाने निर्देश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिला तर लवकरात लवकर लेखी कायम करावा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमांवर चालू नये, असं बजावलं. तेव्हा फोन ठेवल्यावर टिपणी लिही: अमुक वाजता अमुक निर्देश मिळाला, त्याप्रमाणे कार्यवाही प्रस्तावित. खऱ्या आदेशाला त्या टिपणीचा त्रास होत नाही. ती लिहिताच आदेश मागे घेतला गेला, तर तो पाळण्याजोगा नव्हता असं समज. वरिष्ठाचा बेकायदा हुकूम पाळला, ही सबब फौजदारी न्यायालयात चालत नाही.

घाईचंही सांगतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. नियम मोडले तर अवमानाची आणि खटल्याची कारवाई होईल, भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून जाईल. पुढच्याच मार्चमध्ये नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाई थांबवली आणि नंतर महापालिकेला बिनशर्त माफी मागावी लागली. अतिक्रमण काढायला तूही जाशील. लोक टाळ्या वाजवत असतील तेव्हा नोटिशीची तारीख पुन्हा तपास.

हे सगळं वाचून "मग सहीच नको" असं तुझ्या मनात आलं, तर माझं पत्र वाया गेलं. भित्रा अधिकारी लाचखोरापेक्षा थोडंच कमी नुकसान करतो. आपल्या राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याप्रमाणे एका टेबलावर नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ मध्ये त्या कायद्याखालच्या कर्तव्यात मुद्दाम हयगय करणाऱ्या लोकसेवकाला तुरुंगाची शिक्षा आहे. केलेल्या कामाइतकाच न केलेल्या कामाचाही हिशेब द्यावा लागतो. नियम वाच, विचार कर, कारणं लिही आणि निर्णय दे. कारणांसह दिलेला निर्णय चुकला, तर अपिलात दुरुस्त होतो. त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही.

शेवटचं सांगतो, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू विभागाला आग लागून दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, पण पोलिसांनी पुढे गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्यांचा दोष किती, हे न्यायालयाने पाहावं. पण आग विझवायची यंत्रणा होती का, नसेल तर का नव्हती, हा प्रश्न परिचारिकेच्या हातातला नसतो. फौजदारी कायद्याचा हात आधी तळाच्या माणसापर्यंत पोहोचतो. तुझ्या तालुक्यात तो तळाचा माणूस म्हणजे तुझा तलाठी आणि कोतवाल. तू सांगितलेलं काम करताना त्यांच्यावर बालंट आलं, तर "मी सांगितलं होतं" हे लेखी देणारी तू पहिली हो. जो अधिकारी खालच्याला पुढे करून स्वतः मागे सरकतो, त्याच्यासाठी पुन्हा कुणी रात्री रेतीघाटावर जात नाही, आणि जाऊही नये.

कलम २१८ चा आधार मागायची वेळ तुझ्यावर कधी आलीच, तर त्या दिवशी तुझ्या नस्तीत लिहिलेली कारणं तुझ्या बाजूने बोलतील अशीच रोज लिहीत जा. रुजू झालीस की कळव. जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझा,
मामा